साधं अमॉक्सिसिलिन दिलंय, चालेल का?

या वेळचं पत्र नाशिकच्या एका आईचं आहे. थोडं छोटं करून देतेय.

"मॅडम नमस्कार. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा, वजन १५ किलो. जूनमध्ये ज्युनिअर केजीला घातला आणि तेव्हापासून घरात औषधाची बाटली नाही असा आठवडा गेला नाही. जूनच्या शेवटी सर्दी-ताप, तेव्हा सेफिक्झिम. जुलैमध्ये हिरवा शेंबूड, तेव्हा ॲझिथ्रोमायसिन तीन दिवस. ऑगस्टमध्ये घसा लाल, तेव्हा ते क्लॅव्हवालं. आता ऑक्टोबर, परवा रात्री उजवा कान धरून रडत उठला, ताप १००.८. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत म्हणून दुसऱ्या मॅडमकडे नेलं. त्यांनी कान बघितला, पॅरासिटामॉल दिलं आणि म्हणाल्या दोन दिवस थांबू, नाही उतरलं तर हे सुरू करा. आणि लिहिलंय काय तर साधं अमॉक्सिसिलिन! तेही १२ मिली सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, तीन बाटल्या. मिस्टर म्हणतात थांबायचंच होतं तर फी कशाची घेतली. मेडिकलवाला म्हणतो ताई हे आता जुनं झालं, हल्ली कोणी लिहीत नाही, सेफपोडॉक्झिम देऊ का. सासूबाई लसणीचं तेल कोमट करून बसल्यात. मुलांच्या कान-नाक-घशासाठी नक्की कोणतं अँटिबायोटिक चांगलं ते एकदा सांगून टाका. ता. क. ऑगस्टमधली अर्धी बाटली फ्रीजमध्ये आहे, आधी ती संपवू का?"

ताई, सगळ्यात आधी ते तेल भाजीत घाला. सासूबाईंना म्हणावं राग मानू नका, माझ्या आजीनेही माझ्या कानात घातलंय आणि मी ठणठणीत आहे, पण कान असा ठणकतो तेव्हा पडद्याच्या मागे पू दाटलेला असतो आणि कधीकधी पडद्याला बारीक भोक पडलेलं असतं जे आपल्याला बाहेरून कळत नाही, मग ते तेल सरळ मधल्या कानात जातं. वर दुसऱ्या दिवशी डॉक्टर कानात बॅटरी मारतात तेव्हा पडद्याऐवजी तेलच दिसतं. शेकायचं असेल तर बाहेरून, मऊ फडकं कोमट करून, बस.

आणि मिस्टरांना सांगा की फी त्या बघण्याची होती. मी त्या मॅडमना ओळखत नाही, पण तुमच्या पत्रावरून सांगते, कानात नीट बघितलं, वजनावरून डोस काढला, थांबायला सांगितलं आणि थांबून नाही भागलं तर काय करायचं तेही लिहून दिलं, याच्यापेक्षा जास्त मीही काही केलं नसतं. औषध लिहायला दहा सेकंद लागतात हो, न लिहिता मुलाच्या बापाला समजवायला दहा मिनिटं लागतात आणि तरी तो तोंड वाकडं करून जातो. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पहिली काही वर्षं मीपण दहा सेकंदवालाच रस्ता धरला होता, शेंबूड हिरवा दिसला की लिहून मोकळी. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर मी दगड मारणार नाही.

तुमचा प्रश्न आहे चांगलं अँटिबायोटिक कोणतं. मी हा प्रश्न चौथ्या नंबरला विचारते. पहिला प्रश्न, दुखणं कान, नाक की घसा, यातलं नक्की कुठलं. दुसरा, तिथे बॅक्टेरिया असावा असं वाटतंय का, की नुसता व्हायरस आहे. तिसरा, बॅक्टेरिया असला तरी मुलाचं अंग त्याला आपलं आपण घालवेल का. आणि मग औषधाचं नाव. "कान-नाक-घसा" हे दवाखान्याच्या पाटीवर एकत्र लिहितात म्हणून तिघांना एकच औषध चालतं असं नाहीये, अगदी एकाच औषधाचा डोससुद्धा कानाला वेगळा आणि घशाला वेगळा असतो, ते पुढे सांगते.

कानाचं आधी, कारण तो आत्ता दुखतोय. नाकाच्या मागच्या बाजूकडून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी अडकतं, आणि नाकात आधीपासून मुक्कामाला असलेले जंतू त्या पाण्यात वाढतात. हे जंतू बहुतेक वेळा तीनच असतात, न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोरॅक्सेला. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, पण तीन आहेत एवढं ठेवा, सगळं औषधाचं गणित त्या तिघांवरच आहे.

आता थांबायचं का, तर कान दुखणाऱ्या मुलांमध्ये काहींना अँटिबायोटिक आणि काहींना नुसतंच खोटं औषध देऊन जे प्रयोग झाले, ते सगळे एकत्र करून बघितले तर २४ तासांत साधारण ६० टक्के मुलांचं दुखणं थांबलेलं असतं, खरं औषध घेतलं असो वा खोटं. दोन-तीन दिवसांनी औषधवाली मुलं जरा पुढे असतात, म्हणजे किती, तर २० मुलांना दिलं तर एकाला जास्तीचा फायदा. आणि १४ मुलांना दिलं की एकाला जुलाब, उलट्या नाहीतर अंगावर पुरळ. हे आकडे मी आई-बाबांना सांगते तेव्हा निम्मे लोक स्वतःच म्हणतात मग थांबू की.

पण सगळ्यांनी थांबायचं नाही हां. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान धरले असतील, ताप १०२.२ किंवा वर असेल, मूल दुखण्याने कळवळत असेल किंवा ४८ तास होऊन गेले तरी दुखतच असेल, कानातून पू वाहायला लागला असेल, तर लगेच सुरू करायचं. तुमचा मुलगा दोनच्या वरचा, एकच कान, ताप १००.८, म्हणजे तो थांबण्याच्या यादीत बसतो. थांबणं म्हणजे त्याला दुखत ठेवणं नव्हे. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिग्रॅ धरा, तुमच्या मुलाला २२५ च्या आसपास, सहा-सहा तासांनी, आणि बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलंय की २५० ते डोळे फाडून बघा, कारण पाच मिली दोन्हीचं पाच मिलीच दिसतं पण औषध दुप्पट जातं. आयब्युप्रोफेन कानदुखीला छान लागू पडतं, पण आपल्याकडे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंगू हिंडत असतो आणि डेंगूमध्ये ते नको, म्हणून या महिन्यांत मी ते विचारल्याशिवाय देऊ नका म्हणते. ॲस्पिरिन तर मुलांना घरच्या घरी कधीच नाही.

बरं, दोन दिवसांनी नाही उतरलं आणि बाटली फोडायची वेळ आली. तर हो, साधं अमॉक्सिसिलिन. मेडिकलवाल्याचं "जुनं झालं" खरंच आहे, पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे ते आणि पेनिसिलिन तर आपल्या पिंपरीत बनायचं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी १९५४ ची. पण औषध म्हणजे मोबाईल नाही की नवीन मॉडेल आलं म्हणजे जुनं फेकायचं. मधल्या कानात पोचायचं आणि न्यूमोकोकसला मारायचं या कामात तोंडाने घ्यायच्या औषधांत अजून याच्यापेक्षा भरवशाचं काही नाही, आणि न्यूमोकोकसच महत्त्वाचा कारण तिघांत तोच आपणहून जायला सगळ्यात चिवट आणि बिघडला तर सगळ्यात खोडसाळ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची २०१३ ची कानाची नियमावली असो की आपल्याकडची, पहिलं नाव हेच असतं.

१२ मिली बघून तुम्ही दचकलात ते मला कळतंय, कारण सेफिक्झिम दोन-चार मिलीच असतं. पण गणित करून बघा. कानासाठी अमॉक्सिसिलिन दर किलोला दिवसाला ८० ते ९० मिग्रॅ लागतं. १५ किलोला ८० ने १२०० मिग्रॅ, दोन वेळात वाटलं की ६००. तुमच्या बाटलीत ५ मिलीत २५० असणार, म्हणजे ६०० ला बरोबर १२ मिली. दिवसाला २४, सात दिवसांना १६८, आणि ६० मिलीच्या बाटल्या तीन. मॅडमनी हिशोब चोख केलाय. डोस एवढा मोठा का, तर काही न्यूमोकोकस थोडे निबर झालेत, त्यांच्यावर कमी डोस नुसता घसरून जातो, भरपूर दिला तर मरतात. उलट तुम्ही भीतीपोटी १२ चं ५ केलंत तर मुलाला जुलाब होणार ते होणारच आणि जंतू फक्त शहाणे होणार.

मग क्लॅव्हवालं, म्हणजे क्लॅव्ह घातलेलं अमॉक्सिसिलिन, कधी? बाकीच्या दोन जंतूंमधले बरेच जण एक कात्री बाळगून असतात जी अमॉक्सिसिलिन कापून टाकते. क्लॅव्ह म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ते त्या कात्रीत बोळा कोंबतं. स्वतः जंतू मारण्यात त्याचा फारसा हात नसतो. म्हणून मागच्या ३० दिवसांत अमॉक्सिसिलिन होऊन गेलं असेल, कानाबरोबर डोळेपण चिकटले असतील, किंवा साधं सुरू करून ४८ ते ७२ तासांत फरक नसेल तर क्लॅव्हवालं. तुमचं ऑगस्टमधलं होऊन महिना उलटून गेलाय, डोळ्यांचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे साध्यापासून सुरुवात बरोबर. क्लॅव्हने जुलाब जास्त होतात ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही.

आता मुलाच्या फाईलमधली पहिली दोन. सेफिक्झिम चांगलं औषध आहे, टायफॉइडला आहे, लघवीच्या इन्फेक्शनला आहे, पण न्यूमोकोकसवर ते लेचंपेचं. म्हणजे कानात जो मुख्य गुंड त्यालाच सोडून बाकीच्यांना पकडणारा हवालदार. ॲझिथ्रोमायसिनची गंमत वेगळी, तीन दिवसांत कोर्स संपतो, गोड असतं, दिवसातून एकदाच द्यायचं, आई खूश आणि डॉक्टरपण खूश. पण ते शरीरात पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं रेंगाळतं, आणि त्या अर्धवट पातळीत नाकातले जंतू त्याची सवय करून घेतात. न्यूमोकोकस बऱ्याच ठिकाणी त्याला आता जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिक्सचे तीन गट केले, सरसकट वापरायची, जपून वापरायची आणि अगदी राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात. सेफिक्झिम, ॲझिथ्रो, आणि तो मेडिकलवाला देत होता ते सेफपोडॉक्झिम, तिन्ही दुसऱ्या गटात. तुमच्या मुलाला सुरुवातच दुसऱ्या गटातून झाली, आणि यात तुम्ही एकट्या नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाईली अशाच असतात.

मेडिकलवाल्याबद्दल एक. सेफपोडॉक्झिम हे एच-१ शेड्युलमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं औषध आहे, २०१४ पासून त्याला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. "देऊ का" म्हणून काउंटरवरून सरकवायची ती वस्तूच नाही. माणूस वाईट नसेल, रोज दहा जण येऊन स्ट्राँग द्या म्हणतात त्याला तरी काय. पण चिठ्ठीवर आहे तेच घ्यायचं.

नाकाचं थोडक्यात. जुलैमधल्या हिरव्या शेंबडाला बहुतेक काहीच लागत नव्हतं. हिरवा रंग जंतूचा नसतो ताई, जंतूंशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या रसायनाचा असतो आणि साध्या व्हायरसच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यासारखं नाक घट्ट, पिवळं, हिरवं होतं आणि परत पातळ होऊन जातं. सायनसमध्ये बॅक्टेरिया बसलाय असं मी तीनच प्रकारात म्हणते. दहा दिवस उलटून गेले आणि नाक किंवा खोकला जरासुद्धा कमी नाही. किंवा बरा होत आला होता आणि सहाव्या-सातव्या दिवशी परत ताप चढून सगळं उलटलं. किंवा सुरुवातीपासूनच १०२.२ च्या वर ताप आणि घट्ट पिवळं नाक सलग तीन दिवस. यातलं काही असेल तर तिथेही पहिली उडी अमॉक्सिसिलिन नाहीतर क्लॅव्हवाल्यावरच. बाकी वेळी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात, आणि वाट बघणं.

आणि घसा. मला सगळ्यात जास्त काळजी खरं तर घशाची वाटते, दोन्ही बाजूंनी. मुलांचे बहुतेक घसे व्हायरसचे, त्यांना काही नको. ओळखायचं कसं, तर घशाबरोबर नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तोंडात फोड आलेत, तर व्हायरस. तुमच्या मुलाचं ऑगस्टमध्ये यातलं काही होतं का आठवून बघा. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात अचानक ताप, गिळताना प्रचंड दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, आणि खोकला-सर्दी अजिबात नाही, असं असेल तर तो स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. तीन वर्षांच्या आत तो क्वचितच. शंका असेल तर घशाचा स्वॅब घेऊन तपासता येतो, मोठ्या गावात होतं, तालुक्याला नेहमी होतं असं नाही.

हा स्ट्रेप्टोकोकस आपल्या देशात हलक्यात घ्यायचा नाही. घसा तर तो औषधाविनाही बरा होऊन जातो, पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा सुजतात, आणि झडप एकदा खराब झाली की आयुष्यभराचं होतं. त्याला संधिवाताचा ताप म्हणतात. एक म्हण आहे आमच्यात, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. मी शिकत असताना सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात दहा-बारा वर्षांच्या मुली दम लागून बसलेल्या बघितल्यात, झोपताच यायचं नाही त्यांना, उशीला टेकून रात्र काढायच्या, आणि विचारलं तर आई म्हणायची हो घसा धरायचा अधूनमधून. म्हणून स्ट्रेपचा घसा ठरला की औषध द्यायचं आणि पूर्ण दहा दिवस द्यायचं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केलं तरी हृदय वाचतं, म्हणजे तपासायला एक-दोन दिवस गेले तर आभाळ कोसळत नाही.

औषध? परत तेच. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. इतकी वर्षं झाली पण या जंतूला पेनिसिलिनला तोंड द्यायला अजून जमलेलं नाही. फक्त इथे डोस दर किलोला ५० मिग्रॅ पुरतो, म्हणजे तुमच्या मुलाला दिवसाला ७५० मिग्रॅ, कानाच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण दिवस दहा. आणि घशासाठी क्लॅव्हची गरज नाही कारण स्ट्रेपकडे ती कात्रीच नसते, कात्री नाही तर बोळा कशाला कोंबायचा. ॲझिथ्रो फक्त खरी पेनिसिलिन ॲलर्जी असेल तर.

"खरी" म्हटलं त्याचं कारण आहे. तापात अमॉक्सिसिलिन दिलं, पाचव्या दिवशी अंगावर बारीक पुरळ आली, फाईलवर लाल पेनाने "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहिलं, आणि ते मूल जन्मभर सोप्या औषधाला मुकलं, असं फार होतं. ती पुरळ पुष्कळदा त्या व्हायरसचीच असते. नीट तपासून बघितलं तर असा शिक्का असलेल्या दहापैकी नऊ मुलांना पेनिसिलिन बिनदिक्कत चालतं. खरी ॲलर्जी म्हणजे औषध घेतल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं. तसं झालं तर औषध बंद आणि तडक हॉस्पिटल. नुसती पुरळ असेल तर फोटो काढा, तारीख लिहा, डॉक्टरांना दाखवा, शिक्का आपण मारायचा नाही.

आता तुमची खरी तक्रार, जूनपासून सारखा आजारी. ज्युनिअर केजीचं पहिलं वर्ष आहे हे. या वयाच्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणारच, नव्याने शाळेत गेलेल्याला त्याहून जास्त, एकेक सर्दी दहा दिवस धरा, आणि त्या सगळ्या बहुतेक पावसाळ्यात आणि थंडीत. म्हणजे जून ते ऑक्टोबर मूल बरं दिसलं असे दिवस शोधावेच लागतात. प्रतिकारशक्ती कमी आहे असं नाही, ती आत्ता तालमीत जातेय. मात्र झोपेत मोठ्याने घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, झोपेत मध्येच श्वास अडखळतो का हे बघा, असेल तर नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढल्यात का ते कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. सहा महिन्यांत तीनदा कान झाला तरी दाखवा.

कान बरा झाल्यावरही एक काम राहतं. पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही, आठवडे राहतं, कधी तीन महिने. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, कोणी दिलं तर विचारा कशासाठी. पण पाणी आहे तोवर मुलाला कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली की "काय?" म्हणतो, बाई सांगतात लक्ष देत नाही, आणि घरी धपाटा बसतो. तीन महिन्यांनीही तसंच असेल तर कानाची तपासणी करून घ्या. आणि लसीचं कार्ड काढून बघा, न्यूमोकोकसची लस घेतली होती का. २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी, आणि त्यातली एक तर आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तेही सांगते, बाल्कनीत जाऊन ओढली तरी धूर शर्टावर बसून मुलाच्या कानापर्यंत येतो. हे मिस्टरांसाठी आहे असं मी म्हटलेलं नाही.

हे काही दिसलं तर माझं उत्तर वाचत बसू नका, लगेच न्या. कानाच्या मागे सूज आणि लाली येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, डोळ्याभोवती सूज, तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान ताठ, लाळ गळतेय पण गिळता येत नाही, श्वास घेताना घशातून आवाज, किंवा मूल मलूल पडून काही केल्या उठत नाहीये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी तसंच, कान-नाक-घसा काही न बघता सरळ हॉस्पिटल. आणि कानातून एकदम पू-रक्त आलं तर घाबरू नका, पडद्याने वाट दिली म्हणून दुखणं उलट कमी होतं, बहुतेक पडदे काही आठवड्यांत भरून येतात. पण दाखवायचं, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि घरात पडलेले जुने कानाचे थेंब घालायचे नाहीत, त्यातल्या काहींत निओमायसिन किंवा जेंटामायसिन असतं आणि भोक असलेल्या कानात ते ऐकण्याच्या नसेला त्रास देऊ शकतं.

सुरू करायचं ठरलं तर तीन बाटल्या एकदम कालवू नका, एक संपत आली की दुसरी. उकळून गार केलेलं पाणी, आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा, मग रेघेपर्यंत पाणी, हलवा, फेस बसला की पाणी खाली गेलेलं दिसेल तेव्हा परत रेघेपर्यंत. दर वेळी द्यायच्या आधी हलवायचं. आणि घरातल्या चमच्याने नाही, मापाच्या सिरिंजने, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं. १२ मिली एका दमात कोणतंच पोर घेत नाही, तीनदा करून द्या.

आणि ता. क. चं उत्तर. ती ऑगस्टची बाटली क्लॅव्हवाल्याची, पाणी घातल्यावर फ्रीजमध्ये ठेवूनसुद्धा सातच दिवस टिकते, क्लॅव्ह तर आधी मरतं. ती ऑगस्टमध्येच गेली. आज बाहेर काढा, आणि ती अर्धी का उरली तेही मला कळवा, कारण कोर्स मध्येच थांबवला होता का हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं.